तोडणीचा शब्द

त्या घरात द्राक्षांच्या तोडणीचा दिवस यंत्र लावून ठरत नसे. घरातल्या कर्त्या माणसाने मण्याची चव घ्यायची, बी दाताखाली फोडायची आणि "आज" म्हणायचं. मग कात्र्या चालायच्या. तीन पिढ्या हेच चालत आलेलं. सध्याच्या कर्त्याला तर आसपासचे वाइनवाले 'जीभ' म्हणूनच ओळखत, आणि ते ऐकून म्हाताऱ्याला मूठभर मांस चढत असे.

नेमक्या ह्याच जिभेने पाच महिन्यांपूर्वी दगा दिला. तापातून उठला तेव्हा चव आणि वास दोन्ही गायब. कुणाला सांगायची लाज वाटली, म्हणून डोळे गेलेल्या सोनाराने दुकान उघडून बसावं तसा तो रोज घरच्या वाइनच्या पिंपांमधून हिंडत राहिला.

मागच्या आठवड्यात मात्र घोळ झाला. पार आंबून गेलेल्या पिंपातली वाइन चाखून तो म्हणाला, "वा! काय मुरलीय!" सगळे पोट धरधरून हसले. म्हाताऱ्याने थट्टा केली असं त्यांना वाटलं. थोरली लेक तेवढी हसली नाही.

उतारावरची बाग तिची. आजोबांच्या काळात सोडून दिलेली, काट्यांनी गिळलेली. पंचेचाळीस वर्षांनी तिने पडक्या बांधाशी तग धरून राहिलेले नऊ जुने वेल हुडकले, त्यांची कलमं केली आणि सहा वर्षं तिथे हाडाची काडं केली. "ताई, वेड लागलंय तुला," धाकटा भाऊ म्हणायचा. आज ते वेड घडांनी लगडलं होतं. ह्या जातीची चव ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, तिचा बाप.

सकाळी क्रेट मांडले, तोडणारे रांगेत उभे राहिले. "बाबा, बोला की आता," धाकटा म्हणाला. "पुन्हा माणसं गोळा करायची म्हणजे नाकी नऊ येतील."

म्हाताऱ्याने मणी तोंडात टाकला. नुसता ओलावा. 'आज' हा शब्द ओठांवर आला होता, खोटं बोलणं सोपं होतं. पण कच्चा माल पिंपात गेला असता तर लोकांनी बागेलाच नावं ठेवली असती, आणि लेकीची सहा वर्षं पाण्यात.

"मला चव लागत नाही," तो मोठ्याने म्हणाला. "पाच महिने झाले. त्या दिवशी थट्टा नव्हती केली मी."

"मग आता दिवस कोण सांगणार?" धाकट्याने विचारलं.

"तुझी ताई खाईल आणि मला सांगेल. जुनी चव काही मी विसरलेलो नाही."

लेकीने मणी सावकाश चावला. "आधी गोड लागतो. मग जीभ आखडते."

"मागे काय राहतं?"

"कडवटपणा. हिरवा देठ चावल्यासारखा."

"मग आज नाही."

धाकटा धुसफुसला, पण माणसं परत पाठवली. दुसऱ्या दिवशीही देठच. तिसऱ्या दिवशी तिने एक मणी चावला आणि लगेच दुसरा तोडून तोंडात टाकला.

"बोल ना गं!"

"देठ गेला, बाबा. आता मनुका लागतोय. आणि सगळं गिळल्यावर घशात भाजलेल्या बदामाची साल. ती जातच नाही."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बदामाचं त्याने तिला कधी सांगितलं नव्हतं. घरात कुणालाच नाही. विशीतला तो, वडिलांच्या तळहातावरून मणी उचलणारा, लेकीच्या तोंडून बोलत होता. बाग खरी निघाली होती, आणि लेक तिच्याहून खरी.

"हीच ती," तो कसाबसा म्हणाला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत थांबले, तसा तो खेकसला, "माझ्याकडे काय बघताय? दिवस ती सांगेल!"