फुगलेली पुरी

आमच्या ह्यांनी पोटाला इंजेक्शन टोचून घ्यायला सुरुवात केली आणि गंडांतर आलं ते माझ्या रविवारावर.

रविवार म्हणजे काय, ते आधी सांगते. सोमवार ते शनिवार मी सकाळी डबे करते, पतपेढीत जाते, संध्याकाळी येऊन परत कुकर लावते. रविवारी सकाळी मात्र आमच्या घरात गॅस पेटत नाही. लग्न ठरलं तेव्हाच मी ही अट घातली होती आणि सुदेशनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, ती हसत हसत मान्य केली होती. हसतील नाहीतर काय? खाण्याच्या शौकीन माणसाला होणारी बायकोच म्हणतेय, दर रविवारी हॉटेलात चला. तेव्हापासून रविवारी आंघोळी आटोपल्या की आम्ही मानपाडा रोडवरच्या उडप्याच्या हॉटेलात जाऊन बसतो. पंख्याखालचं टेबल आमचं आणि आनंदा नावाचा वेटर आमचा. आम्ही दारात दिसलो की तो सांबाराची जादा वाटी भरायला घेतो.

ऑर्डर ह्यांची. मेनूकार्ड माझ्या हातात कधी आलंच नाही. "दोन मेदूवडा, एक म्हैसूर मसाला, एक उत्तप्पा, आणि तुला काय गं?" असं एका दमात म्हणायचे, आणि मी तोंड उघडेपर्यंत आनंदा निघून गेलेला असायचा. मग मी ह्यांच्यातलंच खायचे. त्याचं मला काही वाटत नसे. आयतं मिळतंय, गरम मिळतंय आणि मागून भांडी पडत नाहीत, आणखी काय पाहिजे?

एकदाच, आमची मेघाली लहान होती तेव्हा, मी म्हटलं होतं, "आज पुरीभाजी मागवू या का?"

"पुरी?" हे म्हणाले. "अगं, पुरी खावी ती तुझ्या हातची. इथे कशाला पैसे घालवायचे?"

एवढं कौतुक झाल्यावर बाई काय बोलणार? मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले, ती कितीतरी वर्षं खाली उतरलेच नाही.

तर गेल्या वर्षी ह्यांची साखर वाढली, गुडघे कुरकुरायला लागले आणि डॉक्टरांनी हल्ली ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे ते वजनाचं इंजेक्शन लिहून दिलं. आठवड्यातून एकदा घ्यायचं. फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी ते इंजेक्शनचं पेन असतं. पोटाची वळी चिमटीत धरून हे स्वतःच टोचून घेतात आणि डोळे मी मिटते. गुण आला, खोटं कशाला बोलू? साखर खाली आली, पँटी ढगळ झाल्या, जिना चढताना लागणारी धाप गेली. पण भूक अशी पळाली की विचारू नका. तळणीचा वास आला तरी नाकाला रुमाल लावायचे.

इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्यांदा हॉटेलात गेलो तेव्हा ह्यांनी सवयीने सगळी ऑर्डर दिली, अर्धा वडा खाल्ला आणि बशी बाजूला सारून म्हणाले, "बस."

आनंदाचा चेहरा पडला. "काय झालं शेठ? वडा कच्चा राहिला काय?"

"नाय रे, मस्त आहे."

"मग सांबारात काय चुकलं?"

"अरे, काहीच नाही. पोट भरलं."

आनंदाने माझ्याकडे बघितलं. सुदेशशेठचं अर्ध्या वड्यात पोट भरलं, यावर त्याचा विश्वास बसेना. टेबलावर सगळं तसंच पडलेलं, आणि मला तर लहानपणापासून पानात टाकायची सवय नाही. मी सगळं संपवलं. पुढच्या रविवारी संपवलं, त्याच्या पुढच्याही. ह्यांच्या अंगावरून जे उतरलं ते हळूहळू माझ्या अंगावर चढलं. ब्लाउज उसवून द्यायला गेले तर आमची शिंपीण म्हणाली, "चला वहिनी, घरातलं घरातच राहिलं."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पण गेल्या रविवारी मी तयार होऊन, पर्स घेऊन बाहेर आले, तर हे बनियनवर पेपर वाचत बसलेले.

"आज नको जायला," म्हणाले.

"का? बरं वाटत नाही का?"

"बरं आहे गं. पण मला भूकच नसते. उगाच तिथे जाऊन बसायचं आणि टाकून यायचं. त्यापेक्षा घरीच जरा मऊ भात टाक, मुगाचं वरण कर. मला दोन घास पुरे. आणि तुला..." इथे जरा विचार केला. "तुला जे हवं ते तू कर."

हा माणूस मनाने वाईट नाही. आपण काय बोललो ते ह्यांना कळलंसुद्धा नाही. पण माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हणजे भूक गेली तुमची, आणि गॅस पेटवू मी?"

"अगं, दहा मिनिटांचं तर काम."

"मग करा तुम्ही!" मी म्हटलं आणि चप्पल घातली.

राग रिक्षा स्टँडपर्यंत पुरला. मग भीती वाटायला लागली. एवढं वय झालं, पण मी एकटी हॉटेलात कधी गेले नव्हते. परत फिरावंसं वाटत होतं. पण आज परत फिरले तर पुढचा प्रत्येक रविवार मऊ भाताचा, हेही मला दिसत होतं. गेले आणि पंख्याखाली बसले.

"शेठ गाडी लावतायत काय?" आनंदाने विचारलं.

"शेठ येणार नाहीत. मेनूकार्ड दे."

आनंदा गडबडला. काउंटरवरून मेनूकार्ड शोधून, फडक्याने पुसून त्याने माझ्या हातात दिलं. मी पहिल्यापासून वाचायला लागले. काय काय मिळत होतं तिथे! आणि गंमत म्हणजे, यातलं आपल्याला काय आवडतं, ते मला सांगता येईना. ह्यांना काय आवडतं ते मी झोपेतही सांगितलं असतं.

मग पुरीभाजीवर बोट थांबलं.

पुऱ्या मी आयुष्यात किती तळल्या असतील, त्याला हिशोब नाही. पाडव्याला श्रीखंड-पुरी, पाहुणे आले की पुरी, मेघालीच्या वाढदिवसाला पुरी. बाहेरून आरोळी यायची, "अजून दोन टाक गं!" की मी आणखी दोन सोडायचे. तळणारीच्या वाट्याला येतात त्या शेवटच्या, बसलेल्या, चिवट झालेल्या. फुगलेली पुरी मी कढईत पाहिली होती, स्वतःच्या पानात नाही.

"पुरीभाजी आण," मी म्हटलं. "पण सगळ्या पुऱ्या एकदम नको आणूस. एकेक आण, कढईतून काढली की लगेच."

"वहिनी, रविवार आहे. गर्दी बघताय ना? एकेका पुरीला कुठे धावू?"

त्याचंही बरोबर होतं. त्याने बिचाऱ्याने जमेल तेवढ्या लवकर प्लेट आणली. पण वाटेत दोन टेबलांनी त्याला अडवलं आणि माझ्यापुढे येईपर्यंत सगळ्या पुऱ्या खाली बसल्या होत्या. मी एकीला बोट लावलं. कोमट. आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पुरीपायी रडायचं म्हणजे काय, माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात समोरची खुर्ची सरकली. हे आले होते. शर्टाची बटणं खालीवर लागलेली, एका हाताने पँट धरलेली.

"मऊ भात करायला घेतला," हे म्हणाले. "पाणी किती घालायचं तेच कळेना. फोन केला तर तू उचलेनास."

ह्यांनी प्लेटकडे बघितलं.

"पुरीभाजी? आवडते तुला?"

"माहीत नाही. गरम कधी खाल्लीच नाही."

"असं कसं? आपल्याकडे तर नेहमी..." आणि हे बोलता बोलता थांबले.

या खुर्चीत बसलेल्या ह्यांचं मी इतकी वर्षं टक्कलच बघत आले होते. मान खाली घालून जेवणारा माणूस. आज पुढ्यात बशी नव्हती, त्यामुळे चेहरा दिसत होता. त्या चेहऱ्यावर एकेक पाडवा, एकेक वाढदिवस उमटत गेलेला मला स्पष्ट दिसला.

हे एकदम उठले. मला वाटलं, रागावून चालले. पण हे गेले तडक आत, भटारखान्याच्या खिडकीशी, जिथे तळणीचा धूर येतो तिथे. खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि आचाऱ्याशी काहीतरी बोलत उभे राहिले. सगळं हॉटेल बघत होतं. जरा वेळाने एका हातात बशी, दुसऱ्या हातात रुमाल आणि पँटची कड, असे जवळजवळ पळतच आले.

"सरका, सरका! पुरी बसेल!"

बशीत एकच पुरी होती. टम्म फुगलेली.

"खा लवकर," हे म्हणाले. धापा टाकत होते, पण हसत होते.

मी पुरीला बोट लावलं. फस्सकन वाफ आली, बोट भाजलं. बटाट्याची भाजी घेतली आणि पहिला घास खाल्ला. मला फार आनंद झाला. इतका, की मी तोंड भरलेलं असतानाच हसायला लागले.

"बरी आहे ना?" हे म्हणाले. "पण तुझ्या हातच्या पुरीची..."

"खबरदार! आता मी त्या झाडावर चढायची नाही."

हे आणखी एक घेऊन आले. मग आणखी एक. आनंदा जाता जाता म्हणाला, "शेठ, ड्युटी लावू काय तुमची?" पलीकडच्या टेबलावरच्या बाई आपल्या नवऱ्याकडे बघत होत्या.

"चव बघू जरा?" ह्यांनी विचारलं.

"घ्या माझ्यातलं."

ह्यांनी नखाएवढा तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चावला. "छान आहे," म्हणाले. "मला बस. तुला?"

"अजून एक."

ह्यांनी रुमाल नाकाला लावला आणि उठले.