हिरवा डोंगर आणि संगणकानंद

माणूस गेल्यावर त्याचा आत्मा कुठे जातो, या प्रश्नापायी मोठमोठे विचारवंत झिजून गेले. उत्तर अखेर एका फोटो स्टुडिओत सापडलं. आत्मा काउंटरमागच्या संगणकात जातो. निदान त्या सकाळी स्टुडिओत खेटून उभ्या असलेल्या गल्लीचं तरी याबाबत एकमत होतं.

नणंदबाई तेवढ्या वेगळ्या पडल्या. शाळेत विज्ञान शिकवण्यात अर्धं आयुष्य गेल्यामुळे त्यांना एकमताचाच संशय यायचा.

स्टुडिओ त्यांच्या धाकट्या भावाचा. तो वारला. महिन्याभराने वहिनीने शटर वर करून संगणक लावला, तर पडद्यावर भलतंच. रोजचा हिरवा डोंगर गायब, फोटो गायब. नुसता जांभळा रंग आणि अनोळखी चित्रं. गिऱ्हाईकं अल्बमसाठी खेटे घालू लागली. तेवढ्यात संगणकानंद महाराज अवतरले. ते आले की डोंगर दिसे. ते गेले की दुसऱ्या दिवशी पुन्हा जांभळं.

‘‘मालक नाराज आहेत,’’ महाराजांनी निदान केलं होतं. ‘‘बायकोने धंद्याला बसणं त्यांना रुचत नाही. जागा साधनाकेंद्राला द्या. शांत होतील.’’

कागद तयार होता. वहिनी आज सही करणार होती.

‘‘अगं, इतकी वर्षं त्याच्या शेजारी बसून फोटो सुधारलेस,’’ नणंदबाई कुजबुजल्या. ‘‘तेव्हा नाही तो नाराज झाला?’’

‘‘जिवंतपणी कुठे बोलायचे हो ते, ताई?’’

महाराजांनी बटण दाबलं आणि हात उंचावले. ‘‘प्रोसेसर म्हणजे प्राण! मेमरी म्हणजे पूर्वस्मृती! आणि हार्ड डिस्क म्हणजे...’’

‘‘हृदय!’’ गल्ली ओरडली. यंत्रातला पंखा घरघरला.

‘‘ऐकलंत? हुंकार दिला!’’

‘‘धूळ साचलीय,’’ नणंदबाई म्हणाल्या.

‘‘डोळे मिटा! उघडे ठेवील त्याची दृष्टी जाईल.’’

पटापट डोळे मिटले. शेजारच्या शिंप्याने तर डोळ्यांवर हातही धरले. सुईत दोरा ओवणाऱ्याला काळजी जास्त. नणंदबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. नवी भिंगं मिटून ठेवायला बसवलेली नव्हती.

म्हणून त्यांना दिसलं. पडदा काळा झाला. त्यावर दोन नावं, एकाखाली एक, आणि तळाशी उलटा मोजणारा आकडा: दहा, नऊ, आठ. महाराजांचा आशीर्वादाचा हात कीबोर्डवर उतरला. एका बोटाने खालचा बाण, दुसऱ्याने एंटर. डोंगर हजर.

‘‘चमत्कार!’’ गल्ली गहिवरली. वहिनीने पेन उचललं.

‘‘थांब गं. महाराज, पुन्हा एकदा होऊ द्या. हात मागे बांधून.’’

‘‘आत्मा थकला आहे, माते.’’

‘‘शरीर नाही म्हणता, मग थकतं काय?’’

‘‘तेही खरंच,’’ शिंपी पुटपुटला.

नणंदबाईंनी संगणक बंद करून पुन्हा लावला. वहिनी सवयीने आतल्या खोलीकडे वळली. ‘‘चहा टाकते. तोवर होईल सुरू.’’

‘‘रोज असंच करतेस?’’

‘‘हेही तसंच करायचे. जुनं धूड आहे, किती वेळ तोंडाकडे बघत बसायचं त्याच्या?’’

‘‘आज बस बघत. सगळेच बघा.’’

सगळ्यांनी बघितलं. कोणाचीही दृष्टी गेली नाही. दोन नावं आली, आकडा शून्यावर उतरला, कोणी बोट लावलं नाही आणि जांभळं उघडलं.

‘‘एका संगणकात दोन ऑपरेटिंग सिस्टीम आहेत,’’ नणंदबाई म्हणाल्या. ‘‘एका घरात दोन बिऱ्हाडं असावीत तशी. कोणाचं दार उघडू, असं तो दहा सेकंद विचारतो. उत्तर नाही आलं, तर ठरवून दिलेलं उघडतो. तो विचारत होता तेव्हा तू चहा गाळत होतीस आणि ही गल्ली डोळे मिटून उभी होती.’’

वहिनीने संगणक पुन्हा लावला. बाण. एंटर. डोंगर. अर्धवट राहिलेले अल्बम जागच्या जागी होते.

‘‘आता रोज असा पहारा द्यायचा?’’

‘‘नाही. आधी कुठलं उघडायचं ते सेटिंगमध्ये बदलता येतं.’’

नणंदबाईंनी जागा दाखवली. बदल वहिनीने केला. मग बटण दाबून ती खुशाल चहा टाकायला गेली. कप घेऊन आली तर डोंगर वाट बघत होता. सहीच्या कागदावर तिने कप ठेवला.

‘‘महाराज, चहा?’’

महाराज शटरखालून वाकून बाहेर पडत होते. आशीर्वाद द्यायचंही त्यांना सुचलं नाही.

‘‘डोळे मिटा म्हणणारा भेटला ना,’’ नणंदबाईंनी गल्लीला सुनावलं, ‘‘की आधी त्याच्या हातांकडे बघत जा. आणि एखादी गोष्ट कळत नसेल तर ‘कळत नाही’ म्हणा. त्यात लाज कसली? लगेच मेलेल्या माणसाला कशाला कामाला लावता?’’

‘‘पण ताई,’’ शिंप्याने शेवटची आशा धरून विचारलं, ‘‘ते दार मुळात बदललं कोणी?’’

नणंदबाईंनी जांभळी बाजू उघडली. तिथे वापरलेली एकच वस्तू सापडली, पत्त्यांचा खेळ. गुणांच्या यादीत सगळीकडे भावाचंच नाव होतं. शेवटची तारीख तो दवाखान्यात दाखल झाला त्याच्या आदल्या दिवसाची.

डोंगराच्या बाजूला पत्ते नव्हते.