आतला पदर

“दाबलंस तरी फाटेल, सोडलंस तरी फाटेल,” डॉक्टर म्हणाले. “बोट आहे तसंच ठेव.”

जखमेत बोट घालून बसलेल्या वना ड्रेसरच्या तोंडचं पाणी पळालं. सदुसष्ट सालचा सातपुड्याच्या पायथ्याचा तो दवाखाना. लाकडं तोडताना फत्तेसिंगची कुऱ्हाड सटकून त्याच्याच मांडीत बसली होती. धमनीला तीन पदर असतात, डॉक्टरांनी दाखवलं. वरचा चिवट आणि मधला जाड, दोन्ही कापले होते. आतला, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, तेवढा उरला होता आणि ठोक्यागणिक फुगून बाहेर येत होता. तो शिवायला धुळ्यालाच न्यायला हवं होतं, आणि तिथवर वनाचं बोट त्यावर राहायला हवं होतं.

“साहेब, मी? अहो, मी गळवं धुणारा माणूस!”

“वीस वर्षं नारू काढतोस. एकदा तरी तुटू दिलास?”

ते खरं. नारूचा किडा पायातून काडीवर गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. घाई केली की तुटलाच. वनाच्या हातून कधी तुटला नव्हता. पण नारू तुटला तर पाय सुजतो, इथे माणूस घटकेत जाणार होता!

जीप निघाली. रस्ता कसला, नुसते खड्डे. दर खड्ड्याला वना दुसऱ्या हाताने आपलं मनगट आवळून धरी.

“मी मरसू का, वनाभाऊ?” फत्तेसिंगने विचारलं.

“येडा का तू? बठ्ठं चांगलं शे,” वना म्हणाला, आणि त्याचं त्यालाच ते खरं वाटेना.

शिरपूर मागे पडलं आणि बोट बधिर झालं. ठोका लागेना. ठोका थांबला, की बोटच मेलं? बघायला उचलावं तर... देवा रे!

“मोगराबाई, त्याले बोलतं ठेव!” तो ओरडला.

फत्तेसिंगची बायको नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती बैलांची, पोरांची नावं विचारत गेली, नवरा पुटपुटत राहिला. त्या पुटपुटण्याच्या भरवशावर वनाने धुळं गाठलं.

टेबलावर सर्जननी वरून-खालून चिमटे लावले. “सोडा आता.” वनाला सोडवेना. शेवटी त्यांनीच मनगट धरून बोट उचललं.

दोन तासांनी नर्स सांगून गेली, “आतला पदर शाबूत होता. माणूस वाचला, पायही.”

वना पोरासारखा रडू लागला. मोगराबाईने चहा आणला. त्याचं बोट अजून वळत नव्हतं, कप धरवेना. तिने चहा बशीत ओतून त्याच्या तोंडाशी नेला.

“मी भलता भ्यायनू, माय.”

“माले म्हाईत शे. बठ्ठी वाट तुमना पाय थरथरेत,” ती म्हणाली आणि नवरा होता त्या खोलीकडे मान केली. “मी यासले सांगं नही. प्या आते.”