कचऱ्याच्या ढिगावरची चटई

मी एक जुनी चटई आहे. अंगाला भोकं, कडांना लोंबणारे धागे. माझी किंमत नेमकी किती, हे मित्रांनो, मला आजवर नीट उमगलेलं नाही.

माझा जन्म पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरचा. केवड्याची पानं उकळून, समुद्राच्या पाण्यात भिजवून, उन्हात पांढरी करून सहा बायकांनी मला विणलं. आमच्याकडे मोठ्या प्रसंगी चटई कमरेला गुंडाळतात. माझ्या मालकाच्या, मानासेच्या, लग्नात मी त्याच्या कमरेला होते. “काय बारीक वीण आहे!” असं जो तो म्हणत होता. पुढे वीण उसवत गेली. मग मानासेने माझी घडी करून मला त्याच्या मुलीच्या, फूसीच्या, गादीखाली सरकवलं. मला वाटलं, झालं, आपलं काम संपलं.

एके दिवशी मानासेची थोरली बहीण वारली. पाहुणे येणार, म्हणून आईने फूसीला खोली आवरायला सांगितलं. नऊ वर्षांच्या फूसीने कपडे पेटीत ठेवले, वह्या फळीवर रचल्या आणि गादी उचलली.

“ई! झुरळांची वसाहत आहे ती,” तिचा भाऊ लाटू म्हणाला.

“आत्याकडच्या माणसांनी पाहिली तर आपलं हसं होईल,” असं म्हणत फूसीने मला परसातल्या पाचोळ्याच्या ढिगावर टाकलं. ढीग खालून धुमसत होता.

थोड्या वेळाने मानासे आला. त्याने गादीखाली हात घातला.

“फूसी, माझी चटई कुठंय?”

“ती फाटकी? टाकली मी. बाबा, तुमची नवी आहे ना पेटीत!”

“नवी गुंडाळून ताईला निरोप देऊ? ती थोरली, मी धाकटा. तिच्यापुढे फाटक्यातच उभं राहायचं असतं, पोरी. मी तीच जपून ठेवली होती.”

फूसी धावत सुटली. माझा एक कोपरा पेटला होता. तिने तो वाळूत दाबून विझवला आणि मला छातीशी धरून परत आली.

“मी चांगलं करायला गेले, बाबा...”

“खोली चांगलीच आवरलीस. फक्त विचारायचं राहिलं.”

मानासेने मला कमरेला घट्ट आवळलं. मी पुरती गोंधळले. लग्नातली वाहवा खरी, की हे आवळणं खरं? कोपरा जळला, त्याने मी उणी झाले की नाही?

सगळे विधी आटोपल्यावर फूसीनेच मला ऊन दाखवलं.

“बाबा, ही कुठे ठेवू?”

“तुझ्याच गादीखाली. मी गेलो की तुला लागेल.”

तिने माझी घडी फार सावकाश घातली.

मित्रांनो, आपली खोली जरूर आवरा. आवरता आवरताच घर कळत जातं. पण हातातली वस्तू कुणाची, कशासाठी जपलेली, हे विचारल्यावाचून ती टाकू नका. माझं मोल माझं मलाच कळलं नव्हतं. मग नुसतं बघून ते तुम्हाला कसं कळावं?