लंबूची घोषणा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा भोंगा आहे. बेकरीत पिंपाशेजारी टांगलेला पाहून तुम्ही मला नरसाळं समजाल. समजा बापडे! हल्ली मी तेल ओतण्याचंच काम करतो.

माझा जन्म इथलाच. भट्टीवाल्या काकांनी तेलाचा रिकामा डबा कापून, वळवून मला घडवलं आणि आपल्या पुतणीच्या हाती दिलं. ती पाव पुड्यांत भरायची. सगळे तिला ताई म्हणत. बेकरीचा फुटबॉल संघ होता आणि त्याच्यासाठी घोषणा रचणं हा ताईचा छंद. संघ हरण्यात पटाईत, पण घोषणा अशा, की समोरचे खेळाडूही हसून बेजार व्हायचे.

तिचा एक नियम होता. मागच्या सामन्यात ज्याने माती खाल्ली, पुढची घोषणा त्याच्या नावाची. ती थेट मैदानावरच द्यायची, आधी कुणालाही सांगायची नाही. कणीक मळणारा जाड्या धावताना आपटला होता, तेव्हा पुढच्या सामन्यात ताई माझ्यातून ओरडली,

'जाड्या पडला, पडू द्या,
कणकेसारखा फुगू द्या!'

जाड्या असा फुगला, की त्याने चक्क गोल केला.

मग एकदा गोलकीपर लंबूच्या दोन पायांमधून चेंडू गेला. त्या दिवसापासून तो कुणाच्या नजरेला नजर देईना.

"ताई, मी खेळणं सोडतो," तो म्हणाला.

"पुढच्या सामन्याला ये तर खरा. तुझ्यासाठी काहीतरी आहे."

"काय आहे? सांग ना."

"अंहं. मैदानावर!"

मला मात्र ते माहीत होतं. रिकाम्या ट्रेवर बोटांनी ताल धरून तिने ते माझ्यासमोरच रचलं होतं.

'लंबू आमचा दाराची कडी,
चेंडू आला की मारतो उडी!'

या वेळी हरलात तर संघ बंद, असं मालकांनी बजावलं होतं. नेमका आदल्या दिवशी ताईचा आवाज बसला. मालकांनी लाउडस्पीकर आणला. त्यात आधीच भरून ठेवलेला जल्लोष होता. समोरच्यांनी गोल केला तरी तो आपला "शाब्बास! शाब्बास!" करायचा. ताईने मला तोंडाला लावलं आणि जीव तोडून ओरडली. माझ्यातून नुसती घरघर बाहेर पडली. लंबूने वाट पाहून एकदा आमच्याकडे वळून बघितलं. तेवढ्यात तिसरा गोल झाला.

"शाब्बास!" लाउडस्पीकर म्हणाला.

संघ मोडला. लंबू कपडेही न बदलता मैदानावरूनच निघून गेला, तो परतलाच नाही. कुठे आहे, ते त्याच्या आईलाही ठाऊक नाही. ताईचा आवाज बसला तो बसलाच.

मित्रांनो, मला गंज चढतोय, त्याचं एवढं वाईट वाटत नाही. सगळ्या घोषणा मला पाठ आहेत, पण म्हणायला स्वतःचा गळा नाही, याचं वाटतं. अधूनमधून ताई माझ्यावरचं तेल पुसते, ओठ लावते आणि काहीतरी पुटपुटते. ते शब्द मी ओळखतो. ऐकायला मात्र पिंपाशिवाय कुणी नसतं.

तुमच्यापाशी कुणासाठी चांगला शब्द असेल, तर तो सामन्यासाठी राखून ठेवू नका. आजच सांगून टाका. आमचा राहून गेला.