सितारामच्या नावची काच

बोटाला सुई टोचायची, काचपट्टीवर थेंब घ्यायचा, दुसऱ्या काचेच्या कडेने तो पसरायचा, वाळला की वर नंबर घालायचा. काम एवढंच होतं. माकडालाही शिकवता आलं असतं, आणि माकडाने ते माझ्यापेक्षा बरं केलं असतं, कारण माकडाला टर्म पुरी झाल्याच्या सहीची घाई नसते.

१९७८ चा जानेवारी. मी एम.बी.बी.एस.च्या तिसऱ्या वर्षाला होते. उष्ण प्रदेशातले रोग हा आमच्या सरांचा जीव की प्राण. ते म्हणत, "हे रोग पुस्तकात राहत नाहीत, खाडीच्या काठाला राहतात. तिथे जाऊन शिका." मी वाशीच्या नव्या वसाहतीत राहणारी, म्हणून मला जासईच्या अलीकडची मिठागराची एक वाडी दिली. वडिलांना काय आनंद झाला. परभणीकडच्या खेड्यातून येऊन सरकारी कचेरीत कारकुनी करणारा माणूस, दारावरच्या पाटीवर माझ्या नावाआधी आत्ताच 'डॉ.' घालायला निघाला होता. मीच थांबवलं.

पाहणी म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. सरांनी चिठ्ठ्या टाकून घरं निवडून दिली होती आणि नियम एकच घातला होता : निवडलेल्या घरातला एकही माणूस सुटता कामा नये, आणि त्याच्याऐवजी दुसरा घेता कामा नये. ऐकायला सोपं. पण वाडीत वहीवाला माणूस दिसला की पुरुष पसार. दोन वर्षांपूर्वी नसबंदीची गाडी येऊन तिघांना घेऊन गेली होती, आणि जमिनी मोजणारे अजून येतच होते. माझ्या हातात तर वहीही होती आणि सुईही.

शेवटच्या दिवशी एकच घर उरलं, जाईबाईचं. पन्नाशीची विधवा, मिठागरावर मीठ ओढून तळपाय चिरलेले. सून सखूचं रक्त पहिल्या खेपेतच मिळालं होतं, आता ती माहेरी गेलेली. मुलगा सिताराम, चोवीस वर्षांचा, लग्नाला वर्षही न झालेला, म्हणजे नसबंदीला सगळ्यांत भिणारा. त्याच्यासाठी मी तीन खेपा घातल्या होत्या आणि तिन्ही वेळा त्याची पाठच पाहिली होती.

जाईबाईने डावा हात पुढे केला. "मला कसकस हाय चार रोज. घे, बाय."

मी घेतलं. काच वाळत ठेवली आणि म्हटलं, "मावशी, सितारामचं राहिलं. आज नाही मिळालं तर माझं सगळं काम फुकट."

ती हसली. हात तसाच पुढे होता, बोटावर अजून थेंब उभा होता. "त्याच्या वाटनीचं बी माजंच घे. पोटचा हाय तो. रगत काय येगलं हाय का?"

तिला त्यात गैर काही वाटायचं कारण नव्हतं. सिताराम लहानपणी आजारी पडला तेव्हा उपास तिने केला होता, त्याच्यासाठी देवीला अनवाणी ती गेली होती. आईने पोराच्या नावाने केलेलं पोराला पोचतं, हा तिचा हिशेब. वेडी ती नव्हती. मला मात्र नीट माहीत होतं की रक्त पोचत नाही. तरी मी तिचं बोट पुन्हा दाबलं, दुसरी काच पसरली आणि त्यावर सितारामचा नंबर घातला. हसतहसत घातला, हे मला विसरता येत नाही.

आठवड्याने सरांनी बोलावलं. फार खुशीत होते. "सुमेधा, एकाच घरात दोन! आई आणि मुलगा, दोघांत मलेरियाचे जंतू. डास घरातच आहे, याहून चांगलं उदाहरण कुठलं? पुढच्या महिन्यात सगळ्यांसमोर मांड."

दोन्ही काचा मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. एकच रक्त ते, सारखंच दिसणार. तोंडापर्यंत आलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मनाशी म्हटलं, पाच दिवस पाच गोळ्या, त्या काय विष आहेत?

औषध द्यायला मलेरियाखात्याचा नंदकिशोर निघाला, तेव्हा मीही गेले. तो बाहेर भिंतीवर गेरूने तारीख लिहीत होता. आत सिताराम सापडला, या वेळी वही-सुई नव्हती, म्हणून पळायचं कारण उरलं नव्हतं. गोळी हातात घेऊन तो माझ्याकडे बघत राहिला.

"माजं रगत तुमी कवा घेतलं? मला ताप नाय, काय नाय."

उत्तर जाईबाईने दिलं. "मी दिलंय तुज्या नावानं. बाय शिकलेली हाय, तिला कलत नाय आन तुला कलतं? गिल."

त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "खा," मी म्हणाले. त्याने खाल्ली. निघताना मी जाईबाईला बजावलं, पाच दिवस खाडा करू नका. तिने केला नाही. मुलगा मिठागरावर असला तर ती गोळी तिथे नेऊन, समोर उभी राहून त्याला गिळायला लावायची.

चौथ्या दिवशी दुपारी त्याला टेम्पोत घालून आमच्या रुग्णालयात आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी बिनदुधाच्या चहासारखी काळी. चौथी गोळी सकाळीच पोटात गेली होती. सर दिल्लीला परिषदेला गेलेले, वॉर्डात डॉ. अरविंद होते. चांगला, कामसू माणूस. त्यांनी कागद पाहिले. "काच पॉझिटिव्ह आहे. मलेरियातच रक्त फुटून लघवी काळी होते कधीकधी." मग जाईबाईला विचारलं, "याचं रक्त तपासलं होतं ना?"

"व्हय," ती म्हणाली. तिच्या दृष्टीने ती खरंच बोलत होती.

त्यांनी पुन्हा रक्त तपासलं, जंतू दिसले नाहीत. "औषध लागू पडतंय. कोर्स पुरा करा," ते म्हणाले.

मी फाइल धरून तिथेच उभी होते. काही माणसांच्या रक्तात जन्मापासून एक द्रव्य कमी असतं. त्यांना ही गोळी दिली की तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं तुंबतात. हे आम्हाला शिकवलं होतं, परीक्षेत विचारलंही होतं, आणि मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. एवढंच बोलायचं होतं की ती काच याची नाही, याला मलेरिया कधी नव्हताच, जे झालंय ते गोळीने. एक वाक्य. ते वाक्य मी बोलले तर माझं डॉक्टर होणं संपलं, हेही मला दिसत होतं. मी घरी गेले. वडिलांनी विचारलं, आज काय शिकलीस? मी जेवले आणि झोपले. झोप लागली, याची मला आजही शरम वाटते.

सकाळी धावत गेले. बसमध्ये वाक्य पाठ केलं होतं. अरविंद राउंडवर होते, मी सगळ्यांसमोर एका दमात सांगून टाकलं. ते परिचारिकेकडे वळून म्हणाले, "पाचवी गोळी दिली का?"

सहा वाजता दिली होती.

त्या दिवशी लघवी थांबली. रक्त चढवलं, वाट पाहिली, जे जमत होतं ते केलं. सखू माहेराहून आली आणि पलंगाच्या पायथ्याशी बसून राहिली. सिताराम शुद्धीत असेपर्यंत माझ्याकडे बघायचा, पण त्याने पुन्हा काही विचारलं नाही. आठव्या दिवशी तो गेला.

दिल्लीहून परत आल्यावर सरांनी मला खोलीत घेतलं. ओरडले नाहीत. त्यांच्याच हाताखालचं काम होतं, कदाचित म्हणूनही. "तुझं वर्ष गेलं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा बैस. आणि ऐक, त्याच्या आईला काही सांगू नकोस. सांगून तुझं ओझं उतरेल, आणि ते तिच्या डोक्यावर जाईल."

मला ते पळपुटेपणाचं वाटलं. गप्प राहून एक माणूस मारला होता, आता पुन्हा गप्प राहायचं? तेराव्यानंतर मी वाडीत गेले. खरं बोलायचं असं मनाशी ठरवूनच गेले, आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.

जाईबाई ओट्यावर बसली होती. तिने मला बसायला पाट दिला. मी सगळं सांगितलं : पहिली काच, दुसरी काच, ताप तिचा, गोळ्या त्याला. "चूक माझी आहे, मावशी. तुमची नाही. मी नको म्हणायला हवं होतं."

तिने विचारलं, "मंजे त्याला कायबी झालं नव्हतं?"

"नाही."

"आन मी दिलं नसतं तर?"

आतून सखू बाहेर आली होती, दाराला धरून उभी होती, तिनेही ऐकलं होतं. ती सासूकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणाले. "मला माहीत होतं. दोष माझा आहे."

"पन बोट मी म्होरं केलं," जाईबाई म्हणाली.

मी तास-दीड तास समजावत राहिले. ती ऐकत होती, मानही हलवत होती. डावा हात तिने पदराखाली घेतला होता, आणि मी उठेपर्यंत तो बाहेर काढला नाही.