कोमट पाण्याची लाज

मित्रांनो, वृद्धाश्रमाच्या मागच्या भिंतीला टेकून घरघरणारी ती मोठी पेटी म्हणजे मीच, एक जुना हीट पंप. माझ्या नळ्यांतून कार्बन डायऑक्साइड वायू फिरतो. बाहेरच्या हवेतली ऊब तो गोळा करतो आणि थंड पाण्याच्या हवाली करतो.

मला एका इंजिनिअरताईंनी घडवले. असे यंत्र साध्या इमारतींनाही परवडावे, हा त्यांचा ध्यास. म्हणून त्यांनी एकेक भाग कमी केला. मी इथे आलो तेव्हा सगळ्यांनी कौतुक केले आणि मी फुगलो.

पण थंडी पडली आणि माझी फजिती झाली. दिवसभर धापा टाकून, भरमसाट वीज खाऊनही नळाला पाणी यायचे कोमट. एका सकाळी एक आजी न्हाणीघरातून कुडकुडत आल्या आणि मला म्हणाल्या, "काय जावईबापू, नुसतं बसून खाताय. कामाचं काही बघा की." सगळे हसले. आजींचे ओठ मात्र निळे पडले होते. तोंड लपवावेसे वाटले, पण बोल्टने आवळलेल्याने जायचे कुठे?

संचालिकाबाईंनी ताईंना बोलावले. "उद्या जुना बॉयलर परत बसवतेय. स्वस्त म्हणून हे घेतलं, आता या माणसांना काय तोंड दाखवू?"

ताईंनी माझ्यात पाणी येते त्या पाइपावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. पाइप गार असायला हवा होता. तो कोमट होता. खोल्याखोल्यांत फिरून परतलेले पाणी थेट माझ्याच तोंडी येत होते. जेवून आलेल्याला पुन्हा वाढले तर तो खाणार किती? तसे ते पाणी माझी ऊब घेईना.

"चूक याची नाही," ताई मान खाली घालून म्हणाल्या. "परतीच्या पाण्याला वेगळी छोटी टाकी लागते. किंमत कमी करायच्या नादात ती मीच काढली. संध्याकाळपर्यंत थांबा, बाई."

आजींच्या टोमण्याहून ती झुकलेली मान मला जास्त लागली.

टाकी बसली आणि माझ्या तोंडी फक्त गार पाणी येऊ लागले. दुसऱ्या सकाळी आजी बराच वेळ न्हाणीघरातून बाहेरच येईनात. बाईंनी घाबरून दार वाजवले.

"थांब गं जरा," आतून आवाज आला. "जावई कामाला लागलाय."

आता आजी नाहीत. माझ्या जाळीवर धूळ, पाला साचतो आणि दम लागतो. अजूनही कुणी नळाखाली आधी बोट धरून पाहिले, की मी शरमतो.

मित्रांनो, इकडे आलात तर जाळी तेवढी झाडा. आणि कुणी कामात कमी पडताना दिसला, तर हसण्याआधी त्याच्या पाइपावर एकदा हात ठेवून पाहा.